नाशिकचं संशोधन नाशिककरांना वाचता यावं म्हणून: स्थानिक गट कसा उभारायचा, काम कसं चालवायचं

नाशिक जिल्ह्यात होणारं संशोधन नाशिकमध्येच वाचायला मिळत नाही, ही आपली जुनी अडचण आहे. उन्हाळ कांद्याच्या साठवणुकीवर एखादी मुलगी चार-पाच वर्षं खपून पीएचडी करते. प्रबंधाची एक प्रत विद्यापीठात जाते, एक मार्गदर्शकांच्या कपाटात, एक घरी. त्यातून निघालेला निबंध एखाद्या परदेशी नियतकालिकात येतो आणि तो उघडायला डॉलरमध्ये पैसे मागितले जातात. लासलगाव-विंचूरच्या ज्या शेतकऱ्यांनी तिला आपल्या कांदाचाळीत उभं राहून मोजमाप करू दिलं, त्यांच्यापर्यंत त्यातली एक ओळही पोचत नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या कॉलेजातला विद्यार्थी जवळपास तोच विषय घेतो, कारण आधी काम झालंय हे त्याला कळायला मार्गच नसतो.

जगात इतरत्र ही कोंडी लोकांनी एकत्र येऊनच फोडली. १९९१ मध्ये पदार्थवैज्ञानिकांनी छपाईआधीचे निबंध एकमेकांना देण्यासाठी ‘अर्काइव्ह’ सुरू केलं. १९९८ मध्ये ब्राझीलमधून ‘सायलो’ उभं राहिलं आणि लॅटिन अमेरिकेतली नियतकालिकं स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये मोफत वाचायला मिळू लागली. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने खुल्या प्रवेशाची, म्हणजे संशोधन सगळ्यांना मोफत वाचता यावं याची, मागणी स्पष्ट शब्दांत मांडली. २०१९ मध्ये हेलसिंकीतून निघालेल्या आवाहनाने संशोधन स्थानिक भाषांतही पोचलं पाहिजे असा आग्रह धरला. आपल्याकडे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने ‘शोधगंगा’ उभारली आणि लाखो प्रबंध खुले झाले. नाशिकसारख्या शहरात याच धर्तीवर काय करता येईल, कुठून सुरुवात करायची आणि काय टाळायचं, ते इथे क्रमाने सांगते. मी ग्रंथालयात काम करते, त्यामुळे माझा कल ग्रंथालयाच्या बाजूने झुकलेला दिसेल. तो तसाच असू द्यावा असं मला मनापासून वाटतं.

पायरी १: माणसं जमवा, संस्था नंतर

सुरुवातीला सात-आठ जण पुरतात. दोन ग्रंथपाल, वेगवेगळ्या विषयांतले तीन-चार संशोधक, मराठी नीट लिहिणारं एक जण, आणि विद्यापीठाशी काही संबंध नसलेला निदान एक वाचक. हा शेवटचा माणूस शोभेपुरता नको. तो द्राक्षबागायतदार असेल, दवाखाना चालवणारी डॉक्टर असेल किंवा नांदूरमध्यमेश्वरला दर रविवारी दुर्बीण घेऊन जाणारी पक्षिनिरीक्षक असेल. गटाने काढलेली प्रत्येक गोष्ट आधी या माणसाला वाचायला द्यायची आहे.

नाशिकची जमेची बाजू म्हणजे इथे विषयांची विविधता आहे. गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, दिंडोरी रोडला पाटबंधारे आणि अभियांत्रिकी संशोधन करणारी ‘मेरी’, चितेगाव फाट्याला कांदा-लसणावर काम करणारं राष्ट्रीय बागवानी अनुसंधान व विकास प्रतिष्ठान, निफाडला राहुरी कृषी विद्यापीठाचं गहू संशोधन केंद्र, अंजनेरीला प्राचीन नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कितीतरी महाविद्यालयं. एकाच जिल्ह्यात राहून हे लोक एकमेकांचं काम क्वचित वाचतात. पाण्यावर काम करणाऱ्या अभियंत्याला साथरोगांवर काम करणारा डॉक्टर कधी भेटतच नाही.

बैठक महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी ठेवा. एखाद्या कॉलेजचं ग्रंथालय चालेल. माझं मत विचाराल तर सार्वजनिक वाचनालयाची जागा जास्त चांगली, कारण तिथे कुणाच्याही संस्थेचा पाहुणा होऊन यावं लागत नाही. १८४० पासून चालत आलेलं ‘सावाना’, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, आपल्या गावात आहे. अशा ठिकाणी रीतसर अर्ज करून खोली मिळते का ते विचारा.

नोंदणी, अध्यक्ष, कार्यकारिणी, लेटरहेड यांच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. एका पानावर चार नियम लिहा: गट काय करतो, काय करत नाही, निर्णय कसा होतो, आणि बैठकीत वाचलेला कच्चा मजकूर बाहेर जाणार नाही. एवढं पुरे.

पायरी २: आधी यादी करा

नवीन काही काढण्याच्या आधी, काय आहे ते शोधा. एक सामायिक एक्सेल शीट उघडा. रकाने असे: लेखक, शीर्षक, वर्ष, संस्था, तालुका, विषय, कुठे छापलं, खुलं आहे की बंद, लेखकाचा संपर्क झाला का. ‘तालुका’ हा रकाना कुठल्याही मोठ्या डेटाबेसमध्ये सापडणार नाही, आणि स्थानिक वाचकाला नेमका तोच हवा असतो. येवल्याच्या पैठणी विणकरांवरचा समाजशास्त्रातला अभ्यास आणि तिथल्याच भूजलावरचा भूगोलातला अभ्यास एका फिल्टरने समोर आले की दोन विभागांत बोलणं सुरू होतं.

शोधताना थोडी हुशारी लागते. शोधगंगेवर पुणे विद्यापीठाचे प्रबंध पाहताना लक्षात ठेवा की २०१४ मध्ये विद्यापीठाचं नाव बदललं. जुन्या आणि नव्या दोन्ही नावांनी शोध घ्या. शहराचं इंग्रजी स्पेलिंगही जुन्या निबंधांत ‘एच’ शिवाय असतं, तेही वापरून पाहा. शेतीचे प्रबंध शोधगंगेवर नसतील तर ‘कृषिकोश’वर बघा. छापील निबंधांसाठी ‘ओपनॲलेक्स’ हा मोफत कोश चांगला आहे. त्यात संस्थेनुसार गाळणी लावता येते.

पन्नास-साठ नोंदी झाल्या की थांबा आणि पुढच्या पायरीला लागा. संपूर्ण यादीची वाट पाहत बसलेले गट यादीतच अडकतात.

पायरी ३: काय खुलं करता येतं, ते तपासा

इथे बहुतेक प्राध्यापक घाबरतात. ‘आम्ही कॉपीराइट देऊन टाकलाय’ असं म्हणतात आणि विषय संपतो. प्रत्यक्षात बऱ्याच निबंधांची एक आवृत्ती कायदेशीरपणे खुली ठेवता येते.

एका निबंधाच्या तीन आवृत्त्या असतात. पहिली, नियतकालिकाकडे पाठवण्याआधीची. दुसरी, तज्ज्ञ परीक्षणानंतर दुरुस्त करून स्वीकारली गेलेली, म्हणजे लेखकाच्या स्वतःच्या वर्ड फाइलमधली. तिसरी, प्रकाशकाने मांडणी करून छापलेली देखणी पीडीएफ. बंद नियतकालिकांत तिसरी आवृत्ती बाहेर ठेवायला सहसा मनाई असते. पहिलीला बहुतेक प्रकाशकांची हरकत नसते. दुसरीला बरेच जण ठरावीक काळानंतर, बहुधा १२ ते २४ महिन्यांनी, परवानगी देतात. कुठल्या नियतकालिकाचा काय नियम आहे ते ‘ओपन पॉलिसी फाइंडर’वर नाव टाकून पाहता येतं, याचं जुनं नाव शेर्पा रोमिओ. गटातल्या एका ग्रंथपालाने हे काम अंगावर घ्यावं आणि शीटमध्ये नियम लिहून ठेवावा.

म्हणून लेखकाला पाठवायच्या पत्रात मोघम विनंती करू नका. ‘आपला अमुक निबंध खुला करता येईल. त्यासाठी प्रकाशकाची पीडीएफ नको, परीक्षणानंतर आपण शेवटी पाठवलेली वर्ड फाइल हवी. प्रकाशकाच्या नियमाप्रमाणे ती अमुक तारखेपासून ठेवता येते’, एवढं नेमकं लिहिलं की उत्तर येतं. फाइल हरवल्याचं बरेच जण सांगतील. तेव्हा ईमेलच्या ‘सेंट’ खणात नियतकालिकाचं नाव टाकून शोधायला सांगा. बहुधा तिथेच मिळते.

परवान्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘सीसी बाय’ परवाना म्हणजे श्रेय देऊन कोणीही वापरा, भाषांतरही करा. त्याच परवान्याला ‘एनडी’ ही अक्षरं जोडली की बदललेली आवृत्ती प्रसिद्ध करता येत नाही, आणि भाषांतर हाही बदलच धरला जातो. ‘सुरक्षित’ वाटतं म्हणून लोक हा पर्याय निवडतात आणि आपल्याच कामाच्या मराठी अनुवादाची वाट अडवतात. स्वतःच्या शब्दांत सारांश मात्र कुठल्याही निबंधाचा लिहिता येतो. नव्या कामासाठी माझी शिफारस ‘सीसी बाय’चीच आहे.

प्रबंधाचे हक्क सहसा विद्यार्थ्याकडे असतात, तरी विद्यापीठाचा नियम वाचून घ्या. शोधगंगेवर प्रबंध विद्यार्थी स्वतः टाकू शकत नाही, ते काम विद्यापीठाच्या समन्वयकाकडून होतं. २००९ च्या यूजीसी नियमांपासून प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक आहे. त्याआधीचे प्रबंध मात्र अनेकदा फक्त कागदावर आहेत, आणि तिथेच गटाचा हात सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

पायरी ४: फाइल चढवणं, अगदी जवळून

संस्थेचं स्वतःचं डिजिटल भांडार असेल तर तिथे ठेवा. नसेल तर ‘झेनोडो’ वापरा. युरोपातल्या सर्न या संस्थेने २०१३ पासून चालवलेलं हे मोफत भांडार आहे. एका नोंदीत ५० जीबीपर्यंत माहिती मावते आणि प्रत्येक नोंदीला डीओआय, म्हणजे कायमचा डिजिटल ओळखक्रमांक, मिळतो. गटाच्या नावाने तिथे एक ‘कम्युनिटी’ उघडा, म्हणजे सगळ्या नोंदी एका छताखाली दिसतील.

त्याआधी प्रत्येक लेखकाचा ‘ऑर्किड’ क्रमांक काढून घ्या. सोळा अंकी, मोफत, पाच मिनिटांचं काम. आपल्याकडे एका आडनावाचे आणि एकाच आद्याक्षराचे शेकडो संशोधक असतात, लग्नानंतर कुणाचं नाव बदलतं, कुणी कधी वडिलांचं नाव लावतं तर कधी नाही. क्रमांक एक असला की सगळं काम एका माणसाच्या नावावर जमा होतं.

आता मराठी प्रबंधांची खास अडचण. २००५-१० पर्यंतचे बहुतेक मराठी प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. पीडीएफ डोळ्यांना नीट दिसते, पण त्यातला परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोळा पडतो. शोधयंत्रालाही तोच गोळा दिसतो. म्हणजे प्रबंध इंटरनेटवर असूनही ‘आदिवासी बोली’ किंवा ‘गोदाकाठ’ शोधणाऱ्याला तो कधीच सापडणार नाही.

उपाय असा. मूळ फाइल हाती असेल तर परिवर्तकातून युनिकोड करा आणि मग माणसाने वाचा. रफार, ‘ऱ्या’, ‘श्र’, ‘क्ष’, ‘ॲ’ या ठिकाणी हमखास घोळ होतो. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालेलं दिसेल. पूर्ण प्रबंध दुरुस्त करायला महिने जातील, तेव्हा निदान शीर्षक, सारांश, अनुक्रमणिका आणि निष्कर्षाचं प्रकरण युनिकोडमध्ये करून नोंदीसोबत जोडा. फक्त कागदी प्रत असेल तर ३०० डीपीआयवर स्कॅन करा आणि ‘टेसरॅक्ट’ या मोफत साधनाने अक्षरओळख चालवा. त्यात मराठीची सोय आहे. जुन्या टंकलेखन यंत्राच्या प्रतीवर निकाल कच्चा येतो, तरी शोधापुरता तो उपयोगी पडतो.

झेनोडोवर नोंद भरताना पहिलाच प्रश्न येतो: या कामाला आधीच डीओआय आहे का? निबंध छापून आलेला असेल तर ‘हो’ म्हणा आणि प्रकाशकाचाच क्रमांक घाला. एका कामाला दोन क्रमांक लागले की संदर्भांची मोजणी फुटते. शीर्षक मूळ भाषेत, आणि वर्णनात मराठी व इंग्रजी दोन्ही सारांश. शोधशब्दांत तालुका, गाव आणि पिकाचं स्थानिक नाव घाला. द्राक्षावरचा निबंध ‘डाऊनी मिल्ड्यू’ या नावाने शास्त्रज्ञाला सापडेल, पिंपळगावचा बागायतदार मात्र ‘डावण्या’ असंच शोधणार. भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ निवडायला विसरू नका. ‘प्रसिद्ध करा’ हे बटण दाबण्याआधी दुसऱ्या कुणाकडून नोंद वाचून घ्या, कारण नंतर फाइल मुकाट्याने बदलता येत नाही. दुरुस्तीसाठी सहसा नवी आवृत्ती काढावी लागते.

पायरी ५: आकडे एकसारखे नोंदवा

निबंध खुले होणं ही अर्धी गोष्ट झाली. त्याखालचे मोजमापाचे आकडे खुले झाले तर खरं एकत्र काम सुरू होतं. यासाठी नाशिकमध्ये गोदावरीइतकं चांगलं उदाहरण नाही.

गोदेच्या पाण्याचे नमुने कितीतरी महाविद्यालयांचे विद्यार्थी घेतात. रामकुंड, तपोवन, दसक ही ठरलेली ठिकाणं. पण एकाचे आकडे दुसऱ्याच्या शेजारी ठेवता येत नाहीत. कुणी तारीख लिहिली, वेळ नाही. कुणी ‘रामकुंड’ एवढंच लिहिलं. काठावरून घेतलं की मध्यातून, कुठल्या पायरीपाशी, काही पत्ता नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गंगापूर धरणातून त्या दिवशी विसर्ग चालू होता का? धरणातून पाणी सोडलेलं असेल तर सगळं प्रदूषण पातळ होतं आणि आकडा चांगला दिसतो. ही एक नोंद नसेल तर दोन वर्षांची तुलना दिशाभूल करू शकते.

म्हणून गटाने एक सामायिक तक्ता ठरवावा: ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, पाण्याची खोली, मागच्या दोन दिवसांतला पाऊस, विसर्ग चालू की बंद, चाचणीची पद्धत, उपकरण, सर्वांत कमी किती मोजता येतं ती मर्यादा, नमुना किती तासांनी तपासला. रिकामी जागा आणि शून्य यांत फरक ठेवा. ‘मोजलं नाही’ असं असेल तर तसंच लिहा. २०२७ च्या सिंहस्थाच्या आधीचे, पर्वकाळातले आणि नंतरचे आकडे या एकाच तक्त्यात जमले, तर आज कुणाकडे नसलेली माहिती नाशिकच्या विद्यार्थ्यांकडे असेल. याला पैसे लागत नाहीत, फक्त चार विभागप्रमुखांनी एकदा एकत्र बसावं लागतं.

पक्ष्यांच्या बाबतीत ही वाट आधीच तयार आहे. नांदूरमध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथले निरीक्षक ‘ईबर्ड’वर नोंदी करतात, आणि त्या नोंदी पुढे ‘जीबीआयएफ’ या जागतिक खुल्या भांडारात जाऊन जगभरातल्या अभ्यासकांना मिळतात. पक्षिशास्त्राचा विद्यार्थी गटात असेल तर त्याला नवीन तक्ता करू देऊ नका, हाच वापरायला सांगा.

सगळंच खुलं करायचं नसतं, हेही तितकंच ठामपणे सांगायला हवं. सर्वेक्षणातली नावं, फोन क्रमांक, जमिनीचे गट क्रमांक काढून टाका. लहान गावात ‘विधवा, वय ५२, दोन एकर, विहीर’ एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो, त्यामुळे असे रकाने एकत्र ठेवू नका. वैद्यकीय माहितीला संस्थेच्या नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय हातच लावू नये.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातल्या आदिवासींच्या औषधी वनस्पतींच्या ज्ञानावर काम करणाऱ्यांनी जास्त जपावं. २००२ चा जैवविविधता कायदा आहे, गावांच्या लोकजैवविविधता नोंदवह्या आहेत, आणि त्यापलीकडे साधी माणुसकीची बाब आहे. ज्या वैदूने वनस्पती दाखवली त्याला हे नेमकं कुठे आणि कुणाला दिसणार आहे ते त्याच्या भाषेत सांगा, आणि नको म्हणाला तर ती नोंद बंदच राहू द्या. दुर्मीळ वनस्पतीचं अचूक ठिकाण देऊ नका, तालुक्यापर्यंतच थांबा.

पायरी ६: पाठवण्याआधी एकमेकांचं वाचा

दर बैठकीत एक कच्चा निबंध घ्या. लेखकाने आठवडाभर आधी पाठवायचा. दोघांनी नीट वाचून यायचं, एक त्याच विषयातला आणि एक बाहेरचा. बोलताना क्रम ठेवा: आधी बाहेरच्याने सांगायचं की त्याला काय समजलं, लेखकाने तोवर गप्प बसायचं. निबंधाचा गाभा वाचकाला उलटाच कळला असेल तर ते या दहा मिनिटांत उघड होतं. मग विषयतज्ज्ञाने पद्धतीवर बोलावं. मार्गदर्शक आणि विद्यार्थी दोघंही हजर असतील तर विद्यार्थ्याला आधी बोलू द्या. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या मानामुळे खरी शंका मागे राहते.

दुरुस्त झालेला मसुदा लेखकाची तयारी असेल तर प्रीप्रिंट, म्हणजे छपाईआधीचा निबंध, म्हणून खुला करा. गणित-भौतिकीसाठी अर्काइव्ह, जीवशास्त्रासाठी ‘बायोअर्काइव्ह’, इतरांसाठी झेनोडो चालेल. नियतकालिक प्रीप्रिंट स्वीकारतं का ते आधी पाहा. औषधोपचारांवरच्या प्रीप्रिंटवर मात्र ‘तज्ज्ञ परीक्षण झालेलं नाही’ हे वाक्य मराठीतही ठळक लिहा, कारण त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर जायला वेळ लागत नाही.

पायरी ७: नियतकालिक निवडताना एकट्याने निर्णय घेऊ नका

‘सात दिवसांत प्रकाशन, फी अमुक’ असे ईमेल सगळ्यांनाच येतात. बढतीच्या घाईत असलेली माणसं त्यांना बळी पडतात, आणि पैसे जातात ते खिशातून. हा प्रश्न किती खोल आहे याचा अंदाज २०१८ मध्ये आला. पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी यूजीसीच्या तेव्हाच्या मान्य यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला, तेव्हा त्यातली सुमारे ८८ टक्के दर्जाच्या कसोटीवर टिकली नाहीत. त्यानंतर ‘केअर’ यादी आली. तीही यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर टाकली. म्हणजे आता डोळे झाकून भरवसा ठेवावा अशी सरकारी यादी नाही.

गटाने स्वतःची नोंदवही ठेवावी. नियतकालिक ‘डीओएजे’ या खुल्या नियतकालिकांच्या सूचीत आहे का? संपादक मंडळावरच्या दोघांना त्यांच्या संस्थेच्या ईमेलवर विचारा, ते खरोखर मंडळावर आहेत का. मागच्या अंकातले दोन निबंध पूर्ण वाचा. परीक्षणाला किती वेळ लागतो ते आधी छापून आलेल्या लेखकाला विचारा. आयएसएसएन क्रमांक पाहून भुलू नका. तो ओळखक्रमांक आहे, दर्जाचं प्रमाणपत्र नव्हे, आणि भारतात तो मोफत मिळतो. ‘थिंक, चेक, सबमिट’ या नावाची प्रश्नावली आहे, ती मराठीत करून ग्रंथालयाच्या फलकावर लावली तर नवख्या विद्यार्थ्यांचे पैसे वाचतील.

आणखी एक: यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही देशपातळीवरची अट काढली. आपल्या विद्यापीठाची वेगळी अट आहे का ते विचारून घ्या. नसेल तर घाईने कुठेही छापायचं कारण उरत नाही.

पायरी ८: मराठी सारांश

माझ्या मते गटाचं सगळ्यात मोलाचं काम हेच. प्रत्येक खुल्या निबंधासोबत ४०० शब्दांचा मराठी सारांश. भाषांतर नव्हे. समजा मूळ वाक्य असं आहे: ‘सापेक्ष आर्द्रता व साठवण कालावधी यांचा कुजण्याच्या प्रमाणाशी सांख्यिकीयदृष्ट्या सार्थ सहसंबंध आढळून आला.’ हे मराठीच आहे, पण चाळीत उभ्या असलेल्या माणसासाठी नाही. सारांशात ते असं यावं: ‘चाळीतली हवा जितकी दमट आणि कांदा जितका जास्त दिवस पडून राहिला, तितका तो जास्त सडलेला दिसला. हे मोजमाप निफाड तालुक्यातल्या मोजक्या चाळींत, एकाच हंगामात झालं आहे. चाळीची रुंदी कमी केली तर फरक पडेल का, हे यात तपासलेलं नाही.’

शेवटची दोन वाक्यं कधीही गाळू नका. संशोधक मूळ निबंधात मर्यादा लिहितो आणि सारांश करणारा उत्साहात त्या विसरतो. शेतकरी त्यावर पैसे लावणार असतो. सारांश लेखकाकडून तपासून घ्या आणि मग गटातल्या त्या बाहेरच्या वाचकाला द्या. त्याला जिथे अडखळायला होईल तिथे वाक्य बदला.

मराठी विकिपीडियावर काम करणारं कुणी गटात असेल तर उत्तमच. फक्त तिथे मूळ संशोधन छापत नाहीत. तुमच्या निष्कर्षावर नवा लेख लिहिण्यापेक्षा आधीच्या लेखात खुल्या निबंधाचा संदर्भ जोडणं योग्य.

पायरी ९: वाचायचं कुठून, तेही शिकवा

केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’, म्हणजे सरकारी संस्थांसाठी नियतकालिकांची एकत्र वर्गणी भरण्याच्या, योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून जास्त सरकारी संस्था. तुमची संस्था त्यात आहे का ते ग्रंथपालाला विचारा. असूनही माहीत नसलेले प्राध्यापक भेटतात. खासगी महाविद्यालयं आणि स्वतंत्र अभ्यासक या पहिल्या टप्प्याबाहेर आहेत. त्यांच्यासाठी ‘अनपेवॉल’ हे ब्राउझरमध्ये बसणारं मोफत साधन आहे, ते निबंधाची कायदेशीर खुली प्रत असेल तर दाखवतं. तेही जमलं नाही तर सरळ लेखकाला दोन ओळींचं पत्र लिहा. बहुतेक जण आनंदाने प्रत पाठवतात.

नवं नियतकालिक काढावं का?

हा प्रश्न तिसऱ्या बैठकीत नक्की येतो. माझं उत्तर: निदान तीन वर्षं नको. ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे, अंक काढणं सोपं वाटतं. अवघड असतं ते दर सहा महिन्यांनी वेळेवर परीक्षक मिळवणं, भिडेपोटी आलेले निबंध नाकारणं आणि दहा वर्षांनंतरही जुने अंक उघडतील याची सोय करणं. लेखकाकडून आणि वाचकाकडून एक पैसाही न घेता चालणारी नियतकालिकं जगात आहेत, पण त्यांच्यामागे एखादं विद्यापीठ किंवा संस्था पगारी माणूस देऊन उभी असते. तसा लेखी आधार मिळाला, आणि तोवर गटाने पन्नासेक निबंध वाचून परीक्षणाची सवय लावून घेतली असेल, तर जरूर विचार करा.

कामाची नोंद आणि किल्ल्या

तरुण प्राध्यापक विचारतात, याचे गुण मिळतात का? बढतीच्या तक्त्यात भांडारात फाइल ठेवल्याचे गुण आज बहुधा नाहीत. त्यामुळे प्राचार्यांना भेटून ग्रंथालय समितीत एक ठराव मागा: संस्थेतल्या प्रत्येक निबंधाची परवानगीयोग्य आवृत्ती खुली ठेवली जाईल आणि नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, अहवालात तिची नोंद होईल. ठराव एका परिच्छेदाचा असावा, लांबला की समितीतच राहतो. परीक्षण करणाऱ्या, सारांश लिहिणाऱ्या सदस्यांची नावं झेनोडोच्या नोंदीत ‘योगदान’ म्हणून लिहा. विद्यार्थ्याने सारांश लिहिला असेल तर त्या सारांशाची वेगळी नोंद करून त्याला लेखक म्हणून श्रेय द्या. त्याच्या अर्जात ते उपयोगी पडेल.

गटाची खाती एकाच माणसाच्या खासगी ईमेलवर उघडू नका. बदली होते, निवृत्ती येते, लेकाकडे पुण्याला जाणं होतं, आणि पासवर्ड त्याच्यासोबत जातो. झेनोडोच्या कम्युनिटीला दोन वेगवेगळ्या संस्थांतले निदान दोन मालक ठेवा, सामायिक शीटची प्रत दर तीन महिन्यांनी उतरवून ग्रंथालयाच्या संगणकावर ठेवा, आणि दर जूनमध्ये, नव्या सत्राच्या पहिल्या बैठकीत, कोणाकडे कशाचा ताबा आहे ते वाचून दाखवून इतिवृत्तात लिहा.